मदत हवी आहे: अलार्म वाजतो, पण मॅग्नेटवर धरलेली फायर डोअर सुटत नाहीत

गोदाकाठ
आमच्या रुग्णालयात दोन मजल्यांवर कॉरिडॉरला दोन पल्ल्यांची फायर डोअर आहेत. दिवसभर ट्रॉल्यांची ये-जा, म्हणून भिंतीवर मॅग्नेटिक होल्डर बसवून घेतले. एरवी दारं उघडी, आग लागली की आपोआप बंद, असं ठरलं होतं. काल टेस्ट घेतली. हूटर वाजले, पॅनेलवर झोन दिसला, दारं मात्र ढिम्म. इलेक्ट्रिशियन म्हणतो होल्डर खराब, होल्डरवाला म्हणतो वायरिंग चूक. शुक्रवारी फॉर्म बीसाठी (आगयंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला) एजन्सीचा माणूस येणार आहे. नक्की माहिती असेल त्यांनीच सांगा, तेही लवकर. 'गुगल करा' हे मलाही येतं.

फेजन्यूट्रल
पॅनेल कन्व्हेन्शनल (फक्त झोन दाखवणारं) की ॲड्रेसेबल (प्रत्येक डिटेक्टर वेगळा ओळखणारं)? होल्डर २४ व्होल्ट डीसी की २३० एसी? किती आहेत? सप्लाय कुठून घेतलाय? हे कळल्याशिवाय काय पंचांग बघून सांगायचं?

तात्या_डोंबिवली
आमच्या सोसायटीच्या गेटला असंच झालं होतं. लॉकसमोरच्या लोखंडी पट्टीमागे रबराचा वॉशर असतो. पट्टी फार आवळली तर ती हलत नाही आणि लॉक नीट धरत नाही. स्क्रू जरा सैल करा, काम होईल.

फेजन्यूट्रल
तात्या, तुमचं ते दार बंद धरणारं ईएम (विद्युतचुंबकी) लॉक. यांचं दार उघडं धरणारं होल्डर आहे. शिवाय यांची तक्रार धरत नाही अशी नाही, सोडत नाही अशी आहे.

जुनाजाणता
मुळात फायर डोअर उघडं ठेवायचंच कशाला? चांगला क्लोजर (दार आपोआप मिटवणारा) लावा आणि दार बंद ठेवा. होल्डर, रिले, वायर ही सगळी बिघडायची निमित्तं. भंडाऱ्याला जानेवारी २०२१ मध्ये दहा नवजात बाळं गेली, त्यानंतर जिकडेतिकडे ऑडिटं झाली, तरी आपण सोय आधी बघतो.

शार्जाकर
काका, स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय पहिल्याच दिवशी त्या बंद दाराला फायर एक्स्टिंग्विशरचं अडण लावतो. डोळ्यांनी पाहिलंय. त्यापेक्षा होल्डर शतपटीने बरा.

जुनाजाणता
हा शिस्तीचा प्रश्न झाला, वायरिंगचा नव्हे.

गोदाकाठ
शिस्तीवर वेगळा धागा काढा हो. पॅनेल साधं कन्व्हेन्शनल, आठ झोनचं. होल्डरवर २४ व्होल्ट डीसी लिहिलंय, आठ पल्ल्यांना आठ. सप्लाय पॅनेलमधूनच.

खटपट्या
ताई, आधी होल्डरची एक तार काढून बघा. दार सुटलं तर होल्डर आणि क्लोजर दोन्ही ठीक. नाही सुटलं तर क्लोजर सैल असेल किंवा पट्टीत चुंबकत्व उरत असेल.

गोदाकाठ
तार काढायची गरज नाही, सोडतात ते. टेस्ट संपवून पॅनेल रीसेट केलं की आठही पल्ले धाडकन आपटतात. पेशंटचे नातेवाईक माझ्या केबिनमध्ये येतात ते त्याचमुळे.

फेजन्यूट्रल
अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! तुमच्या माणसाने होल्डर पॅनेलच्या रीसेटेबल ऑक्स (जादा सप्लायच्या) टर्मिनलवर टाकलेत. ते २४ व्होल्ट असतात बीम डिटेक्टरसारख्या वेगळा सप्लाय लागणाऱ्या वस्तूंसाठी. अलार्म आला तरी चालूच राहतात, रीसेट दाबलं की काही सेकंद तुटतात. होल्डर बिचारा करंट आहे तोवर धरणारच.

पॅनेलमध्ये फायर रिलेचे (अलार्म आला की आपोआप फिरणारा स्विच) तीन टर्मिनल बघा: कॉमन, एनओ (एरवी तुटलेला), एनसी (एरवी जोडलेला). होल्डरची प्लसची तार कॉमन आणि एनसीमधून न्या. एरवी जोडलेली, अलार्मला तुटते. शेजारी फॉल्ट रिले असतो, तो घेऊ नका. हूटरच्या टर्मिनलवर तर अजिबात नको. तिथे एरवी देखरेखीपुरती उलटी पोलॅरिटी असते आणि खरे २४ व्होल्ट अलार्म आल्यावरच येतात, म्हणजे आग लागल्यावर दार धरलं जाईल. रिलेच्या काँटॅक्टला किती ॲम्पिअर चालतात ते मॅन्युअलमध्ये वाचा. होल्डरच्या आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) नसेल तर प्रत्येकाला बाहेरून उलटा लावा, नाहीतर कॉइलच्या झटक्याने काँटॅक्ट जळतात. आणि पॅनेल एजन्सीच्या माणसाकडूनच उघडा.

शार्जाकर
निदान बरोबर, पण सप्लायही पॅनेलमधून नको. एक होल्डर ६० मिलिॲम्पिअर धरला तरी आठांचे ४८० होतात. आत ७ एएचच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतील, तर नुसते होल्डरच त्या कागदावर चौदा-पंधरा तासांत संपवतील. मग लाइट गेलेली असताना हूटर कशावर वाजणार? वेगळा २४ व्होल्टचा एसएमपीएस (२३० एसीचं डीसी करणारा सप्लाय) घ्या, बॅटरीशिवाय. लाइट गेली की दारं बंद होतील, होऊ देत.

गोदाकाठ
होऊ देत कसं? इथे लाइट दिवसातून कितीदा जाते ते शारजात बसून नाही कळणार. जनरेटर चालू होईपर्यंत आठही पल्ले आपटायचे?

खटपट्या
मग एसएमपीएस छोट्या यूपीएसवर टाका. यूपीएसला जाणारी २३० ची लाइन त्या रिलेतून तोडा, झालं.

फेजन्यूट्रल
हे करू नका!! रिलेने यूपीएसची लाइन तोडली तर यूपीएस त्याला लाइट गेली असंच समजेल आणि बॅटरीवर दारं धरून बसेल. वर २४ व्होल्टच्या पॅनेलमध्ये २३० आणायचे? यूपीएस ठेवायचा तर ठेवा, पण तोडायचं एसएमपीएस आणि होल्डर यांच्यामध्ये, डीसीच्या बाजूला. आपटण्यावर उपाय क्लोजरवर आहे. त्याला शेवटच्या टप्प्याचा वेग ठरवणारा स्क्रू असतो, तो थोडा आवळा.

गोदाकाठ
एजन्सीचा माणूस आजच बोलावला. वेगळा एसएमपीएस, डीसीची तार एनसीमधून. स्मोक डिटेक्टरला धूर दिला, एमसीपीही (हाताने अलार्म द्यायचा पॉइंट) दाबून पाहिला. दोन्ही वेळा दारं सुटली. यूपीएसचं मग बघू. पण तिसऱ्या मजल्यावर एका जोडीत एक पल्ला अर्धवट राहतो. मधली फट झाकणारी पट्टी असलेला पल्ला आधी येऊन बसतो आणि दुसरा त्याला अडतो.

शार्जाकर
वर डोअर कोऑर्डिनेटर नाही का? कुठला पल्ला आधी मिटायचा ते तो ठरवतो. एकाच वेळी सोडणाऱ्या होल्डरांना त्याच्याशिवाय पर्याय नाही.

तात्या_डोंबिवली
फेजन्यूट्रल, आमच्या गेटचं एकदा बघून जाल का? जायचा-यायचा खर्च सोसायटी देईल.

गोदाकाठ
कोऑर्डिनेटर मागवलाय. तोवर त्या जोडीचे होल्डर काढून दार बंदच ठेवलंय, वॉर्डबॉयला दम भरलाय. फेजन्यूट्रल, शार्जाकर, आभार.

जुनाजाणता
म्हणजे दार बंदच ठेवलं ना शेवटी?