अनुभव धागा: क्वीन ऑफ सोर्ड्स तुम्ही कशी वाचता?

टॅरोच्या मांडणीत दरबारी पत्ता (पेज, नाइट, क्वीन किंवा किंग) आला की वाचन अडखळतं, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. थ्री ऑफ सोर्ड्सवर निदान हृदयात घुसलेल्या तलवारी तरी दिसतात. राणीच्या पत्त्यावर नुसती एक बाई बसलेली असते. म्हणून या धाग्यात एकच पत्ता घेऊया, क्वीन ऑफ सोर्ड्स, म्हणजे तलवारींची राणी. पत्ता आल्यावर काय काय घडलं याच्या कहाण्या नकोत. नजर कुठून सुरू करता, अर्थ कसा ठरवता, गाडी कुठे घसरते, ते लिहा. सोयीसाठी १९०९ सालचा, पामेला कोलमन स्मिथ यांच्या चित्रांचा रायडर-वेट संच धरू. दुसरा संच वापरत असाल तर तसं सांगा.

काचमणी
आधी तलवार, मग डावा हात, मग चेहरा, सगळ्यात शेवटी आकाश. हा क्रम मी मोडत नाही, कारण आधी चेहरा पाहिला की "कडक बाई" हा शिक्का बसतो आणि पुढचं काही दिसतच नाही.

तलवार ओळंब्यासारखी सरळ उभी आहे आणि तिची मूठ सिंहासनाच्या हातावर टेकलेली आहे. म्हणजे शस्त्र उपसलेलं आहे, पण उगारलेलं नाही. नाइट ऑफ सोर्ड्स भरधाव घोड्यावरून तलवार उगारून निघालाय, किंगची तलवार किंचित कललेली आहे; हिचीच तेवढी काटकोनात. निकष पक्का, घाई नाही, असं मी वाचते.

डावा हात पुढे आलेला आहे. "या, बोला" आणि "तिथूनच बोला" हे दोन्ही त्या हातात आहे. कुठलं घ्यायचं ते शेजारचा पत्ता सांगतो. मनगटाला काहीतरी लोंबतंय, त्याला बरेच जण तुटलेली दोरी मानतात आणि बंधनातून सुटलेली स्त्री असा अर्थ काढतात. चित्र बारकाईने पाहिलं तर ते मण्यांचं किंवा गोंड्याचं कांकणही असू शकतं, त्यामुळे एवढ्याशा तपशिलावर सगळं वाचन उभं करू नये.

सिंहासनाच्या बाजूवर पंख असलेल्या बाळाचं मुख आणि फुलपाखरं कोरलेली आहेत, मुकुटही फुलपाखरांचाच. झग्यावर ढग आहेत. खरे ढग मात्र खाली क्षितिजाशी दाटलेत आणि तिचं डोकं मोकळ्या आकाशात आहे. वर एकच पक्षी. (किंगच्या पत्त्यावर दोन असतात. खिशात मावणाऱ्या छोट्या संचांत हा पक्षी ठिपक्याएवढा होतो, कधी छपाईत हरवतोही. शिकायला मोठा संच घ्या.)

दशमांश
काचमणी यांच्या यादीत एक भर. किंग थेट आपल्याकडे बघतो, राणी बाजूला बघते. किंग निकाल सांगतोय, राणी अजून कोणाचं तरी ऐकून घेतेय. तिचं तोंड आपल्या उजवीकडे असल्यामुळे ओळीत मांडलेल्या पत्त्यांत तिच्या उजवीकडचा पत्ता पहिला बघायचा. तो तिच्या पुढ्यातला विषय. तिच्या पाठीमागचा, म्हणजे डावीकडचा, तिने मागे टाकलेला. ती ओळीत शेवटी आली आणि तिच्यासमोर काहीच नसेल, तर प्रश्न अजून नीट मांडलाच गेलेला नाही असं धरून प्रश्नकर्त्याला तो पुन्हा, एका वाक्यात विचारायला सांगावं.

थोडं गणितही. ७८ पत्त्यांत दरबारी १६: सोर्ड्स, वाँड्स, कप्स, पेंटॅकल्स या चार रंगांत प्रत्येकी चार. एक पत्ता काढला तर तो दरबारी असण्याची शक्यता साधारण पाचात एक. तीन काढले तर निदान एक दरबारी येण्याची शक्यता जवळपास निम्मी. दहा पत्त्यांच्या मांडणीत सरासरी दोन येतातच. तेव्हा दोन राजे-राण्या दिसल्या म्हणून "तुमच्याभोवती फार माणसं आहेत" असं म्हणू नका. चार-पाच आले तर बोलायला जागा आहे.

संथवाहिनी
सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो: ही राणी म्हणजे कोण? प्रश्नकर्ता स्वतः, दुसरी व्यक्ती, की वागायची एक रीत? मी ते पत्त्यावरून ठरवत नाही, जागेवरून ठरवते. सेल्टिक क्रॉस या दहा जागांच्या मांडणीत सातव्या जागी आली तर प्रश्नकर्ता स्वतः. आठव्या जागी आली तर घरातलं किंवा आसपासचं माणूस. नवव्या जागी (आशा आणि भीती) आली तर "मी अशी होईन का" किंवा "मला असं कोणी तोलेल का". दहाव्या जागी मी तिला माणूस मानतच नाही. शेवटी स्पष्ट बोलणं होईल, कागदावर येईल, सीमा आखली जाईल, एवढंच घेते. दुसऱ्या, म्हणजे आडव्या जागी आली तर पत्ता आडवा असल्याने सुलटा-उलटा (चित्र सरळ की डोकं खाली) हा वाद घालू नये, सुलटाच धरावा.

जागांना नावं नसलेली मांडणी असेल तर पत्ते पिसण्याआधीच ठरवा: "दरबारी पत्ता आला तर मी तो सल्ला म्हणून वाचेन." नंतर ठरवलं की मन सोयीचा अर्थ निवडतं.

आणि राणी म्हणजे बाईच, हे डोक्यातून काढा. हिशेब चोख ठेवणारा, कमी बोलणारा आणि नेमकं बोलणारा पुरुषही ही राणी असतो.

जुनाट
रायडर-वेट संच घडवणाऱ्या वेट यांनी १९११ च्या पुस्तकात या पत्त्याचे जे अर्थ दिलेत ते वाचून लोक दचकतात: वैधव्य, स्त्रीचं दुःख, वियोग, वांझपण, शोक. उलट्या पत्त्याला दुष्टावा, कपट, सोवळेपणाचं ढोंग. हे शब्द जसेच्या तसे प्रश्नकर्त्याच्या तोंडावर फेकणं म्हणजे निव्वळ बेजबाबदारपणा. पण म्हणून ते टाकूनही देऊ नयेत. चेहऱ्याचं वर्णन करताना वेट यांनी ती कठोर दिसते, पण दुःखाने निवलेली, दुःखाशी ओळख असलेली दिसते, असं नोंदवलंय. अर्थाची किल्ली तिथे आहे. दुःख येणार असं नाही. येऊन गेलंय आणि त्यातून नजर स्वच्छ झालीय. भूतकाळाच्या जागी ही राणी आली की मी वियोगाचा अर्थ घेतो, भविष्याच्या जागी कधीच नाही.

वायुतत्त्व
जुनाट यांच्या मुद्द्याला गोल्डन डॉन या इंग्रजी गूढविद्या-मंडळाच्या पद्धतीत चांगला आधार सापडतो. सोर्ड्स म्हणजे वायू, राण्या म्हणजे जल. ही वायूतली जलराणी. राशिचक्रात तिच्याकडे कन्येच्या २० अंशांपासून तुळेच्या २० अंशांपर्यंतचा भाग येतो. या टप्प्यात तीन पत्ते बसतात: टेन ऑफ पेंटॅकल्स, टू ऑफ सोर्ड्स आणि थ्री ऑफ सोर्ड्स. म्हणजे भरलेलं घर, डोळ्यांवर पट्टी बांधून रोखून धरलेला निर्णय आणि काळजातला घाव. ही तिन्ही चित्रं राणीच्या खाली मांडून बघा. तिचा चेहरा तसा का आहे, हे मग सांगावं लागत नाही.

शेजारच्या पत्त्यांचा जोर ठरवायलाही तत्त्वं उपयोगी पडतात. दोन्ही बाजूंना सोर्ड्स असतील तर ती फार तीव्र होते. वाँड्स (अग्नी) किंवा कप्स (जल) असतील तर जमतं. पेंटॅकल्स असतील तर वायू आणि पृथ्वी विरोधी, म्हणून दोघांचाही जोर कमी होतो. पैशाच्या प्रश्नात हे वारंवार दिसतं: विचार बरोबर असतो, पण व्यवहार हलत नाही.

थॉथ हा दुसरा टॅरो संच वापरणाऱ्यांसाठी: तिथे राणीच्या एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात दाढीवाल्या पुरुषाचं छाटलेलं मुंडकं आहे. घाबरू नका, रोख मुखवटा उतरवण्यावर आहे. मात्र त्या संचात दरबार नाइट, क्वीन, प्रिन्स, प्रिन्सेस असा आहे. रायडर-वेटच्या नाइटचे अर्थ थॉथच्या नाइटला चिकटवले की सगळंच चुकतं.

उलटसुलट
उलट्या राणीबद्दल बोलण्याआधी ती खरंच उलटी आली का ते तपासा. पत्ता पुस्तकाच्या पानासारखा डावीकडून उजवीकडे उघडला तर दिशा तीच राहते. वरची कड खाली आणून पलटला तर सुलट्याचा उलटा होतो. अनेक जण एकाच मांडणीत दोन्ही तऱ्हा करतात आणि मग "आज सगळंच उलटं येतंय" म्हणतात. शिवाय मागच्या वेळी सगळे पत्ते सुलटे करून ठेवले असतील आणि पिसताना अर्धी गड्डी फिरवली नसेल, तर उलटा पत्ता येणारच नाही.

खरंच उलटी आली तर माझ्यापुढे दोनच वाटा. तलवार खाली टोक करून आहे: स्पष्ट बोलायला हवं ते गिळलं जातंय. किंवा तलवार हातातून सुटून समोरच्यावर पडलीय: टोमणे, जुनी उणीदुणी, शब्दाने जखम. पहिली वाट एट ऑफ सोर्ड्स किंवा हाय प्रीस्टेस शेजारी असताना, दुसरी फाइव्ह ऑफ सोर्ड्स किंवा नाइट ऑफ सोर्ड्स असताना. कपट हा अर्थ मी सेव्हन ऑफ सोर्ड्स जवळ असल्याशिवाय काढत नाही.

काचमणी
राणी जस्टिस या पत्त्यासोबत आली तर? तिथेही उजव्या हातात उभी तलवार आहे.

संथवाहिनी
तेव्हा डावा हात बघायचा. जस्टिसच्या डाव्या हातात तराजू आहे, राणीचा रिकामा आहे. नियमाने निकाल लागेल, पण आपली बाजू स्वतः बोलून मांडावी लागेल, असं मी सांगते. कोर्टकचेरीचा प्रश्न असेल तर मात्र इथेच थांबून वकिलाकडे पाठवते.

दशमांश
एक राहिलं. काही जण प्रश्नकर्त्यासाठी आधीच एक दरबारी पत्ता निवडून मधे ठेवतात. वेट यांचा हिशेब असा: चाळिशीपुढच्या स्त्रीला क्वीन, त्याआतल्या स्त्रीला पेज, चाळीस आणि पुढच्या पुरुषाला नाइट, त्याआतल्याला किंग. पत्त्याचा रंग केसांवरून, गडद तपकिरी केसांना सोर्ड्स. ही पद्धत वापरा किंवा सोडा, पण क्वीन ऑफ सोर्ड्स अशी बाजूला काढली असेल तर गड्डीत ७७ पत्ते उरतात आणि ती त्या मांडणीत पुन्हा येऊच शकत नाही. मग "स्पष्टपणाचा पत्ता एकदाही आला नाही" हे निरीक्षण वहीत लिहू नका.

जुनाट
केसांवरून रंग ठरवण्याची रीत मला पटत नाही. प्रश्न कशाबद्दल आहे त्यावरून रंग घ्या: बोलणं, करार, वाद असेल तर सोर्ड्स. बाकी ७७ चा मुद्दा मान्य.