अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करताना मनाने कसं टिकायचं?

कोरांटी
सासरे, वय ७४. अर्धांगवायूला पाच महिने झाले. उजवी बाजू गेली आहे, बोलणं तुटक, कॅथेटर (लघवीची नळी) आहे. दिवसभर करणारी मी, रात्री जमेल तसा नवरा. दीर बंगळुरूला, नणंद नाशिकला. जो तो सांगतो, ‘मन खंबीर ठेव’. ते ठेवायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं? तीन गोष्टी छळतात: त्यांच्यावर होणारी चिडचिड, रात्री वारंवार मोडणारी झोप आणि ‘हे कधी संपणार’ हा विचार. पोथी वाचा, सुविचार वाचा हे सोडून काहीतरी करता येण्यासारखं सांगा.

माजघर
मनाचं नंतर, आधी झोपेचं बघा. दर दोन तासांनी उठणाऱ्या माणसाची चिडचिड कुठल्याही विचाराने जात नाही. सलग चार-पाच तास झोप मिळाली की निम्मं मन आपोआप ताळ्यावर येतं.

‘रात्री जमेल तसं’ ही पद्धत आजपासून बंद करा. रात्रीचे दोन तुकडे पाडा: १० ते ३ एकाचे, ३ ते ७ दुसऱ्याचे. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं. एकाच खोलीत दोघं झोपलात तर दोघंही जागे राहता, बहुतेक घरी इथेच घोळ होतो.

दाबाने कातडीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलण्याचा नियम दर दोन तासांचा. पण चांगली एअर बेड (पंपावर चालणारी हवेची गादी) असेल आणि कातडी शाबूत असेल, तर रात्रीचं अंतर तीन-चार तासांपर्यंत वाढवता येईल का, हे डॉक्टरांना किंवा घरी येणाऱ्या सिस्टरना विचारा. परस्पर वाढवू नका. वाढवलंत तर सकाळी माकडहाड, कुल्ले, टाचा बघायच्या. लाल डाग बोटाने दाबला आणि पांढरा पडला नाही, तर पुन्हा दोन तासांवर या.

एअर बेड नीट चालते का हेही बघा. कुल्ल्यांच्या बरोबर खाली, गादीखालून हात घाला. मध्ये इंचभरसुद्धा हवा लागत नसेल तर गादी तळाला टेकली आहे, तिचा उपयोग शून्य. वर घडी घातलेल्या चादरी, रबरी शीट, त्यावर अंडरपॅड असा थर रचला तरी तेच होतं. एक पातळ चादर पुरे. पंप इन्व्हर्टरवर जोडा. ट्यूबसारखी गोल उशी कुल्ल्याखाली देऊ नका, कडेने दाब वाढून रक्तपुरवठा अडतो.

रात्री जाग येण्याची बाकी कारणं साधी असतात: युरिन बॅग भरलेली, नळी दुमडलेली, डायपर ओला. दहाला बॅग रिकामी करा. ती मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. आणि सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. लुळ्या हाताचा खांदा निखळतो आणि तुमची कंबर जाते. खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी दुहेरी चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी उचलून सरकवायचं.

आडवाट
चिडचिडीबद्दल. विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे आपले विचार तपासून भावना सावरण्याची पद्धत, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये सुरू केला, मराठीत तो कि. मो. फडके यांनी रुजवला. त्यातलं एक साधन इथे फार कामाचं आहे. साध्या वहीत तीन रकाने आखायचे: काय घडलं, त्या क्षणी मी स्वतःशी काय म्हटलं, मग काय वाटलं आणि काय केलं.

उदाहरणार्थ, घडलं: घास थुंकला. म्हटलं: ‘मुद्दाम करतात, मी एवढं करते तर त्यांनी ऐकलंच पाहिजे.’ केलं: ओरडले. आता मधल्या रकान्यात ‘च पाहिजे’ शोधा. आग तिथून लागते. त्याच्या जागी दुसरं वाक्य लिहायचं: ‘ऐकलं असतं तर बरं झालं असतं. मेंदूला इजा झाल्यावर गिळणं आणि समजणं दोन्ही बिघडतं. मला हे आवडत नाही, पण सोसता येतं.’

लोक चुकतात ते दोन ठिकाणी. एक म्हणजे रागाच्या भरात वही उघडतात. रागात फक्त खोलीबाहेर जायचं (त्यांच्या पलंगाचे कठडे वर आहेत, तोंडात घास नाही हे बघून), चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाचेक मिनिटं. वही संध्याकाळी. दुसरं, नव्या वाक्याच्या जागी ‘सगळं छान होईल’ लिहितात. मनाला ते खोटं आहे हे कळतं आणि ते उसळी मारून परत येतं. वाक्य खरं हवं, गोड नसलं तरी चालेल.

‘हे कधी संपणार’ हा विचार दीर्घ आजाराच्या घरात बहुतेकांना येतो. ती माणसाच्या मरणाची इच्छा नसते, त्रास थांबावा ही इच्छा असते. त्याला हाकलायला गेलात तर तो दिवसभर बसून राहील. रोज ठरलेल्या वेळी, समजा साडेपाचला, १५ मिनिटं काळजीसाठी राखून ठेवा. एरवी विचार आला की कागदावर एक शब्द टिपायचा, ‘साडेपाचला बघू’ म्हणायचं आणि हातातलं काम करायचं. ही वेळ झोपण्याच्या आधी ठेवू नका, नाहीतर तोच विषय घेऊन अंथरुणात जाल.

हिशेबनीस
वरचं सगळं बरोबर, पण ताई, काम एकटीच्या अंगावर राहिलं तर वही कितीही लिहा. दीर-नणंद ‘काही लागलं तर सांग’ म्हणत असतील. या वाक्याला ‘हो’ म्हणून सोडलं की मदत कधीच येत नाही. नाव, काम, वार असं सांगायचं.

दीर: महिन्याची औषधं आणि डायपर ऑनलाइन मागवणं, विम्याची कागदपत्रं, रोज साडेसातला वडिलांशी व्हिडिओ कॉल (तेवढा वेळ तुम्ही खोलीत थांबायचं नाही). नणंद: महिन्यातला एक शनिवार-रविवार मुक्कामाला. ‘येऊन भेटून जाणं’ मदतीत धरू नका, त्या दिवशी तुमचा स्वयंपाक वाढतो. रुग्णसेवा ब्यूरोची मावशी किंवा मामा बारा तासांसाठी ठेवायचा असेल, तर त्याचा खर्च भावंडांत आधी ठरवा आणि कूस बदलणं, तोंड धुणं, भरवणं ही कामं कागदावर लिहून भिंतीला लावा.

जाता जाता: ४० टक्क्यांवर अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळत असेल तर यूडीआयडी कार्ड (सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र) काढा. प्राप्तिकरात जुनी करप्रणाली घेतली असेल तर अवलंबून असलेल्या अपंग नातेवाइकासाठी ७५ हजारांची वजावट असते, अपंगत्व ८० टक्क्यांवर असेल तर सव्वा लाखाची.

कोरांटी
पाळ्या आजपासूनच लावते. एक राहिलं. ते मध्येच कारण नसताना रडायला लागतात आणि मी पार खचते. मी काही चुकीचं केलं असं वाटतं.

माजघर
यात दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. रडू अचानक फुटतं, काही मिनिटांत थांबतं, विषय बदलला की ओसरतं, आणि कधी तसंच हसूही येतं, तर भावना आवरणारे मेंदूतले मार्ग दुखावलेले असतात. त्यात ना तुमचा दोष, ना त्यांचं तेवढं दुःख. ‘का रडता, का रडता’ असं विचारू नका, त्याने वाढतं. हातात काहीतरी द्या किंवा कूस बदला.

पण दिवसभर उदास, जेवणावर वासना नाही, व्यायामाला नकार, झोप उडालेली, असं दोन आठवडे असेल तर ते नैराश्य. अर्धांगवायूनंतर साधारण तिघांतल्या एकाला ते गाठतं. न्यूरॉलॉजिस्टना सांगा, दोन्हींवर औषध आहे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून बंद करणारे खूप.

हीच दोन आठवड्यांची मोजपट्टी स्वतःलाही लावा. आणि जीव नकोसा वाटला किंवा त्यांच्यावर हात उगारला गेला, तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी बोलायचं. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत असते, मराठीतून बोलता येतं.

दुपारतिन्ही
कोरांटीताईंनी पोथीला परस्पर बाद केलं, पण त्यांच्यासाठी नाही तरी सासऱ्यांसाठी ती काढा. उजवी बाजू जाऊन बोलणं गेलेल्या कित्येक माणसांना साधं ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण लहानपणी पाठ झालेले श्लोक, पाढे, आरतीची ओळ म्हणता येते. पाठ झालेलं आणि सुरातलं बोलणं बऱ्याचदा शाबूत राहतं. तुम्ही ओळ सुरू करायची, शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडायचा आणि मनात दहा मोजेपर्यंत थांबायचं. आलं तर पुढची ओळ, नाही आलं तर आपणच पुरी करायची. दहा-पंधरा मिनिटं बास, आणि जेवणाआधी, थकवा नसताना. पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखवा’ असं मात्र करू नका. परीक्षा वाटली की जीभ अडते आणि मग ते दोन दिवस प्रयत्नच करत नाहीत. स्पीच थेरपिस्टला हे सांगितलंत तर पाठातल्या ओळींवरून रोजच्या शब्दांकडे कसं यायचं, ते तो शिकवेल.