विंडोज 11 शेजारी उबुंटू टाकायचंय: सी ड्राइव्ह 9 जीबीच्या वर श्रिंक होत नाही, इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही

रिकामी_जागा
लॅपटॉप इंटेलच्या दहाव्या पिढीचा, 512 जीबी एनव्हीएमई एसएसडी, विंडोज 11 होम. टॅलीसाठी विंडोज ठेवावंच लागणार. उबुंटू 24.04 साठी 100 जीबी काढायचे आहेत. सी ड्राइव्हवर 260 जीबी रिकामे असूनही डिस्क मॅनेजमेंट श्रिंकला (ड्राइव्ह लहान करायला) फक्त 9 जीबी देतंय. पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारं उबुंटू) सुरू केलं तर इन्स्टॉलरला एसएसडीच सापडत नाही. कुठून सुरुवात करू?

सह्याद्री_रूट
सुरुवात बॅकअपपासून, तोही बाहेरच्या डिस्कवर. मग सेटिंग्ज > प्रायव्हसी अँड सिक्युरिटी > डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) बघा. होममध्येही ते बहुतेक वेळा आपोआप चालू झालेलं असतं. चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवा, मग एन्क्रिप्शन बंद करून डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या. ही पायरी गाळू नका. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) काही बदललं की विंडोज हीच की मागतं, आणि ती नसेल तर डेटा गेला.

आता 9 जीबीचं कोडं. रिकामी जागा किती आहे याला इथे महत्त्व नाही. ड्राइव्हच्या शेवटाकडे न हलणारी एखादी फाइल बसली असेल तर श्रिंक तिच्या अलीकडे जात नाही. नेहमीच्या तीन: हायबरनेशन फाइल, पेजफाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, म्हणजेच व्हर्च्युअल मेमरी), सिस्टिम रिस्टोअरचे पॉइंट. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये "पॉवरसीएफजी /एच ऑफ" द्या, व्हर्च्युअल मेमरीत "नो पेजिंग फाइल" निवडून सेट दाबा, सी चं सिस्टिम प्रोटेक्शन बंद करून जुने पॉइंट डिलीट करा. रीस्टार्ट करून पुन्हा श्रिंक. आकडा एमबीत मागतात: 100 जीबी म्हणजे 102400.

तरीही अडलं तर इव्हेंट व्ह्यूअर > विंडोज लॉग्ज > अ‍ॅप्लिकेशनमध्ये 259 क्रमांकाची नोंद शोधा. अडवणाऱ्या फाइलचं नाव तिथे दिलेलं असतं.

मोकळी झालेली जागा "अनअ‍ॅलोकेटेड"च राहू द्या, तिथे नवा व्हॉल्यूम करू नका. पेजफाइल आणि प्रोटेक्शन परत चालू करा. हायबरनेशन मात्र बंदच बरं, कारण त्यासोबत फास्ट स्टार्टअपही जातं. ते चालू असलं की शटडाउननंतरही सी अर्धवट उघडा राहतो, आणि लिनक्स तो फक्त वाचण्यापुरता माउंट करतं (जोडून घेतं) किंवा करतच नाही.

कर्नलवेडा
डिस्क न दिसण्याचं कारण बहुधा बायोसमधला साटा मोड, म्हणजे डिस्क कशी जोडायची याची सेटिंग. तो "आरएसटी" किंवा "रेड"वर असला की एनव्हीएमई इंटेलच्या कंट्रोलरमागे लपते. लाइव्हमध्ये डीमेसेज (लिनक्सच्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवून "रीमॅप्ड एनव्हीएमई" अशी ओळ आली तर खात्रीच.

उपाय म्हणजे तो मोड एएचसीआय करणं, त्यात डिस्क थेट दिसते. पण लगेच एएचसीआय करू नका. विंडोजने बूटसाठी तो ड्रायव्हर तयार ठेवलेला नसतो, निळा पडदा येतो. आधी एमएसकॉन्फिग > बूट > सेफ बूट (मिनिमल) टिक करा, रीस्टार्ट करता करता बायोसमध्ये जाऊन एएचसीआय निवडा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि ड्रायव्हर लावून घेईल. मग टिक काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड जवळ ठेवा.

रिकामी_जागा
अडथळा सिस्टिम रिस्टोअरचाच निघाला, आता 100 जीबी मोकळे आहेत. एएचसीआय केल्यावर डिस्कही दिसली. ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइलींचं) 100 एमबीचंच आहे, पुरेल? की दुसरं करू?

सह्याद्री_रूट
पुरेल. उबुंटू त्यात बूटलोडरच्या काही एमबीच्या फाइल ठेवतं, कर्नल (लिनक्सचा गाभा) रूट म्हणजे उबुंटूच्या मुख्य पार्टिशनवर राहतात. पॉप ओएस (उबुंटूवर बेतलेलं दुसरं लिनक्स) कर्नलही ईएफआयमध्ये ठेवतं, तिथे 100 एमबी तोकडे पडले असते. मॅन्युअल पार्टिशनिंग करणार असाल तर तेच पार्टिशन ईएफआय म्हणून वापरा, फॉरमॅटची खूण करू नका. ती राहिली तर विंडोजचा बूटलोडर पुसला जातो. मोकळ्या जागेत एक्स्ट4 फॉरमॅटचं एकच रूट पार्टिशन करा, स्वॅपफाइल (लिनक्सची पेजफाइल) उबुंटू स्वतः बनवतं.

कर्नलवेडा
एनव्हिडियाचं कार्ड असेल तर इन्स्टॉलर सिक्युअर बूटसाठी (बूटवेळी फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) नवा पासवर्ड ठरवायला सांगू शकतो. रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर "एनरोल एमओके" निवडून तोच द्यायचा. तो पडदा तसाच जाऊ दिला तर ड्रायव्हर लोड होत नाही.

विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका: लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ. उबुंटूत "टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1" दिलं की दोन्हींचं जुळतं.