कोळ्याचे डोळे स्पष्ट, बाकी धूसर

कुंडीतल्या उडी मारणाऱ्या कोळ्याचे फक्त डोळे स्पष्ट आले, बाकी सगळं धूसर झालं म्हणून फोटो फसला, असं एका फोटो काढणाऱ्याने म्हटलं आहे. मला तसं वाटत नाही. इतक्या जवळून टिपताना फोकसची खोली, म्हणजे फोटोत स्पष्ट येणारा पट्टा, जेमतेम एक-दोन मिलिमीटर उरते, आणि तेवढ्यात बसवायचेच तर डोळेच. या कोळ्याला आठ डोळे असतात, समोरचे मधले दोन सर्वांत मोठे. तो खरोखर वळून आपल्याकडे बघतो. तो क्षण मिळाला की दिवस सार्थकी लागतो!

अपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र, लहान करून एफ/८ ते एफ/११ ठेवलं तर आणखी थोडं अंग स्पष्ट येईल. उजेड मात्र घटतो, म्हणून फ्लॅश वापरा, आणि त्याचा प्रकाश मऊ पडावा म्हणून समोर पातळ पांढरा कागद धरा. फोकसची रिंग फिरवत बसण्यापेक्षा ती स्थिर ठेवून स्वतःच किंचित पुढे-मागे झुकत एकापाठोपाठ फोटो घ्यावेत. एखादा नक्की साधतो. पहाटेच्या गारव्यात कोळ्यांच्या आणि कीटकांच्या हालचाली मंदावलेल्या असतात, तेव्हा जास्त वेळ मिळतो.

एक कळकळीची विनंती: फोटोसाठी कीटक फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करू नका, आणि पक्ष्यांचे फोटो काढताना त्यांच्या घरट्यासमोरची पानं छाटू नका. तो आडोसा गेला की पिल्लं शिकाऱ्यांच्या नजरेला उघडी पडतात.