संशयास्पद हालचाल दिसली तर ११२ की पोलीस ठाणे?

कोपरखैरणेकर
नमस्कार मंडळी. कोपरखैरणे सेक्टर १९ मधल्या आमच्या रो-हाउसच्या गल्लीत सध्या दुपारी दोन ते चारच्या दरम्यान एक पांढरी इको येऊन थांबते. दोघं उतरतात, ओळीने बेल वाजवतात. दार उघडलंच तर "शिंदे इथेच राहतात का?" असं विचारून पुढच्या दाराशी जातात. चोरी वगैरे काही झालेली नाही. एवढ्यावर ११२ ला फोन लावायचा का? नाव गुप्त राहतं का? वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकावा की नाही, यावरून गल्लीत दोन तट पडलेत.

रबाळेकर
फोन लावण्याजोगं आहे. नुसती गाडी उभी राहिली तर काही बिघडत नाही. पण ओळीने बेल वाजवणं म्हणजे कुठल्या घरात माणूस नाही ते बघणं असू शकतं. दिवसाच्या घरफोड्या याच वेळेत होतात. कमावती माणसं कामावर, पोरं शाळेत आणि घरातले वडीलधारे झोपलेले.

आणखी काय बघायचं? शेजारच्या दारांना कोणी बाहेरून कडी घातली असेल तर तो फार मोठा इशारा आहे, कारण कुलूप तोडताना कोणी बाहेर येऊ नये म्हणूनच ते करतात. जिन्यातल्या कॅमेऱ्याचं तोंड फिरवलेलं, दुचाकीची नंबरप्लेट दुमडलेली किंवा चिखलाने झाकलेली, दागिने पॉलिश करून देणारे, "पुढे तपासणी चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधा" म्हणणारे तोतया पोलीस. दारावर खडूने काढलेली फुली किंवा 'पी' मात्र बहुधा पल्स पोलिओच्या पथकाची असते. त्यावरून दरवर्षी उगाच गदारोळ होतो.

सांगताना कृती सांगा. "परप्रांतीय वाटतात", "कपडे मळके होते" याचा पोलिसांना काडीचा उपयोग नाही, आणि त्यातून भलताच कोणी भंगारवाला किंवा डिलिव्हरीवाला अडकतो.

घोडबंदरवासी
११२ की ठाणे, याचा हिशेब सोपा आहे. माणसं आत्ता समोर असतील तर ११२. निघून गेली असतील, किंवा तुमच्यासारखं वारंवार होत असेल, तर ठाण्यात लेखी अर्ज. १०० फिरवायची सवय असेल तरी हरकत नाही, तो कॉलही ११२ कडेच जातो.

११२ वर फोन उचलणारी व्यक्ती तुमच्या ठाण्यातली नसते. राज्याची कॉल केंद्रं नवी मुंबई आणि नागपूरला आहेत. त्यामुळे "सेक्टर १९" एवढंच सांगू नका. सेक्टर १९ वाशीत आहे, नेरुळमध्येही आहे. आधी नोड (म्हणजे वाशी, नेरुळ, कोपरखैरणे असा नवी मुंबईतला भाग), मग सेक्टर, मग प्लॉट किंवा घर नंबर आणि ठळक खूण. ठाणे शहरात नुसतं "घोडबंदर रोड" म्हणूनही भागत नाही. त्या एका रस्त्यावर कापूरबावडी, चितळसर, कासारवडवली अशा वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांच्या हद्दी लागतात. हद्द कुणाची हे शोधत बसायचं काम मात्र तुमचं नाही.

पत्त्यानंतर काय चाललंय ते एका वाक्यात, किती जण, हातात पहार-कटावणीसारखं काही आहे का, गाडीचा पूर्ण नंबर, आणि कुठल्या दिशेने निघाले. एमएच ०४ ठाण्याचा, एमएच ४३ वाशीचा, एमएच ४६ पनवेलचा. मागचे चार आकडेच दिसले तरी तेवढे आणि गाडीचा रंग सांगा, त्यावरूनही शोध लागू शकतो. फोन चालू ठेवा, पोलिसांची गाडी रस्ता विचारायला उलट फोन करते. तो अनोळखी नंबर म्हणून कापू नका.

अर्जंदार
अर्ज दोन प्रतींत करा. 'वरिष्ठ पोलीस निरीक्षक' यांच्या नावे, त्यात तारखा, वेळा, गाडी, वर्णन. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत नोंद घ्यायची विनंती करा आणि तुमच्या बीटचा (गस्तीच्या विभागाचा) अंमलदार कोण ते विचारून त्याचा नंबर सोसायटीत लावा. दुपारची गस्त मागायची ती याच अर्जात. एफआयआरचा आग्रह धरू नका, अजून गुन्हाच घडलेला नाही. उद्या खरंच घरफोडी झाली आणि ठाण्याने गुन्हा नोंदवायला नकार दिला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीच माहिती लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठांना पाठवता येते. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ती परिमंडळाच्या उपायुक्तांकडे पाठवा.

नावाबद्दल: गुन्ह्याची माहिती कुणाकडून मिळाली हे सांगायची सक्ती पोलिसांवर करता येत नाही (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम १३१). पण पुढे साक्षीदार झालात तर नाव कागदावर येणारच. अमली पदार्थांचा संशय असेल तर १९३३ वर नाव न देता सांगता येतं. आपला अंदाज प्रामाणिकपणे चुकला तर तो गुन्हा नव्हे. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तरच भारतीय न्याय संहितेचं कलम २१७ लागतं, एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

रबाळेकर
फोटोचं राहिलंच. ग्रुपवर टाकू नका, पोलिसांना द्या. २०१८ साली धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं, त्यामागे अशाच फिरणाऱ्या अफवा होत्या. ग्रुपवर "दुपारी बेल वाजली तर आधी पीपहोलमधून बघा, साखळी लावूनच बोला" एवढा निरोप पुरे. नुसत्या संशयावरून कोणाला धरून ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

कोपरखैरणेकर
आभारी आहे. अर्ज उद्याच देतो. कॅमेऱ्याचं फुटेज पेनड्राइव्हवर काढून सोबत जोडू का?

घोडबंदरवासी
आजच काढा. आठ कॅमेरे आणि एक टीबीची डिस्क असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत जुनं पुसलं जातं. स्क्रीनचा मोबाइलने व्हिडिओ काढू नका, नंबरप्लेट वाचता येत नाही. डीव्हीआरमधून (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रातून) मूळ फाइल एक्स्पोर्ट करा. त्याआधी डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी ताडून बघा आणि फरक अर्जात लिहा. फुटेज निघेपर्यंत घड्याळ दुरुस्त करू नका, नाहीतर जुन्या-नव्या वेळांचा घोळ होतो. कोर्टापर्यंत गेलं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. त्याचा पहिला भाग यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा असतो, म्हणजे बहुधा सोसायटीच्या सेक्रेटरीने. त्यांना आधीच कल्पना द्या.