पोकरच्या सिंगल टेबलला पहिल्या डावापासून ऑल-इन (सगळ्या चिप्स एकदम लावणं)? 'बनी तो बनी'वाल्या पोस्टला उत्तर

मांजराकाठ
परवा इथं 'बनी_तो_बनी'ची पोस्ट वाचली आन् डोकं उठलं. विषय पोकरच्या सिंगल टेबलचा: नऊ जण एकदाच पैसे भरून बसतात, शेवटच्या तिघांना बक्षीस. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात: "नऊ जणांच्या टेबलला पहिल्या दोन लेव्हलमधे चिप्स डबल करा, नाही तर उठा. बनी तो बनी, नही तो परभणी. तिसऱ्या नंबरसाठी बसून राहतो तो भित्रा." खाली 'एक नंबर दादा' म्हणणाऱ्यांची रांग.

पैशाचे टेबल बंद झालेत, आपण सगळे फुकटच्या चिप्सवर हात साफ करायलोत, हे मान्य. पण चुकीचं ते चुकीचंच. दादा, हिशोब बघ. 100 रुपयांचं टेबल, रेक (ॲपवाल्याचं कमिशन, 10 रुपये) वेगळा. नऊ जणांचे 900, बक्षीस 450, 270, 180. प्रत्येकाकडं 1500 चिप्स, म्हणजे बसल्या जागी प्रत्येकाची किंमत 100 रुपये. पहिल्याच डावात तू एकाला उडवलंस, तुझे 3000 झाले. आता तुझी किंमत 200? नाही. आयसीएमनं (चिप्सची पैशात किंमत काढायचं गणित) काढ, 182 रुपये 50 पैसे येते. उडालेल्याचे 100 रुपये होते ना? त्यातले साडेब्याऐंशी तुला आले, आणि बाकीचे साडेसतरा, पत्ते टाकून गप बसलेल्या सात जणांत वाटले गेले. अडीच-अडीच रुपये, काहीच न करता!

कारण उघड आहे. जिंकणाऱ्याकडं शेवटी चिप्स सगळ्या येतात, पैसे मात्र निम्मेच. म्हणून 100 लावून 182.50 मिळवायचे तर जिंकायची शक्यता जवळपास 55 टक्के पाहिजे. तू ज्याला 'फिफ्टी-फिफ्टी आहे, मार' म्हणतोस तो सौदा तोट्याचा. अठ्ठ्यांच्या जोडीसमोर एक्का-राजा घेऊन तू कॉल करतोस (समोरच्याच्या ऑल-इनला तेवढ्याच चिप्स लावतोस) तेव्हा तर तुझे 50 पण नसतात.

सुरुवातीला ब्लाइंड 10-20 (पत्ते बघायच्या आधी दोघांनी सक्तीनं लावायच्या चिप्स, स्मॉल 10 आन् बिग 20, लेव्हलगणिक वाढतात) असताना चोरायला आहेच काय? तीस चिप्स. त्यासाठी पंधराशे लावणारा मर्द नाही, रिकामटेकडा. मोठ्या जोड्या सोडून पत्ते टाका, कोण कसा खेळतो ते बघा. चिप्स दहा बिग ब्लाइंडच्या खाली आल्या की एक तर ऑल-इन, नाही तर फोल्ड, म्हणजे पत्ते टाकणं. आणि ऑल-इन मारणारे तुम्ही व्हा, कॉल करणारे नको. मारणाऱ्याला जिंकायचे दोन रस्ते असतात (समोरचा पत्ते टाकतो, नाही तर आपले पत्ते भारी निघतात), कॉल करणाऱ्याला एकच.

बनी_तो_बनी
वाचलं गुरुजी. फळ्यावर छान दिसतंय. आता माझं ऐका.

तुझं आयसीएम असं धरतं की सगळे सारखेच खेळतात. कोण कुठं बसलंय, पुढच्या डावात कोणाचा ब्लाइंड आहे, कोण घाबरट आहे, यातलं त्याला काही कळत नाही. माझ्याकडं 3000 असले की चार जण उरतात (बबल, म्हणजे अजून एक उडाला की बाकीच्यांना बक्षीस) तेव्हा मी बाकीच्या तिघांना रडवतो. प्रत्येक डावाला त्यांचे ब्लाइंड उचलतो आणि ते तुझ्यासारखे 'नको बाबा, बबल आहे' म्हणून पत्ते टाकतात. त्या दराऱ्याची किंमत तुझ्या 182.50 मधे कुठं धरलीस? आणि वेळ? तू पाऊण तास घासून 110 भरून 180 घेणार. मी पाच मिनिटात उडालो तर दुसऱ्या टेबलला बसलो.

परभणीचाच
दोघांनाही एक विनंती. परभणीला मधे आणू नका. ती म्हण आयुष्यभर ऐकायलोत. आन् हा 'बनी तो बनी' परभणीचा नाहीच, जालन्याचा आहे. मला माहितीये.

बनी_तो_बनी
जालन्याचा असलो म्हणून काय झालं? आजोळ परभणी आहे.

काळी_आई
धन्य आहे. 182 रुपये 50 पैशाचा हिशोब घालायलेत. माझ्या चुलतभावाचा हिशोब कुणी घालील का? पीकविम्याचे आलेले पैसे, वर सोसायटीचं कर्ज, सगळं मोबाइलवर घातलं. रमीच्या ॲपवर, पोकरवर नाही, म्हणून लगेच 'आमचं वेगळं' म्हणू नका. घरात कळलं तेव्हा बायकोच्या गळ्यातलं पण गेलेलं. तुम्ही इथं डावपेच शिकवा, गावाकडं पोरं ते वाचून बसतात.

आता कुणीतरी 'शेती पण जुगारच की' म्हणणार. म्हणू नका. शेतात पीक हातचं गेलं तरी कडबा तरी उरतो.

मांजराकाठ
वाईट वाटलं, खरंच. पण दादा, तुमच्या भावानं जे केलं ते आम्ही इथं करू नका म्हणूनच सांगतो. गेलेलं भरून काढायला पुन्हा पैसे टाकणं हा डावपेच नाही. सिंगल टेबलमधे निदान एकदा भरलेल्या पैशाच्या वर जात नाही.

काळी_आई
'निदान'. आणि एक टेबल संपलं की दुसरं उघडायला किती वेळ लागायचा? वरच्यानं सांगितलंच की पाच मिनिटात दुसऱ्या टेबलला बसतो म्हणून.

गुलमंडी_सीए
या वादात तुम्ही दोघंही खरा चोर विसरलात. 110 मधले 10 रेक. नऊही जण सारख्याच तयारीचे असले तर प्रत्येकजण सरासरी 9 टक्के तोट्यात, पत्ते वाटायच्या आधीच. त्यावर 1 ऑक्टोबर 2023 पासून जमा रकमेवर 28 टक्के जीएसटी लागायचा. 100 भरले की 21.88 सरकारला. ॲपवाले बोनस म्हणून परत द्यायचे आणि आपण खुश. त्याआधी 1 एप्रिल 2023 पासून निव्वळ जिंकलेल्यावर 30 टक्के टीडीएस. माझ्याकडं पोरं रिटर्न भरायला यायची, वर्षभर खेळून हातात शून्य आणि फॉर्मवर जिंकलेली रक्कम बघून पोट दुखायचं. या आकड्यांपुढं तुमचा 55 टक्क्यांचा वाद म्हणजे बुडत्या होडीतल्या जागेवरून भांडण.

आणि मग ऑगस्ट 2025 ला संसदेनं सगळंच बंद केलं. कौशल्य असो की नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवायचा नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं, पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

बनी_तो_बनी
आलंच ते. कोर्टानं 1968 ला सांगितलं की रमी कौशल्याचा खेळ आहे, तीन पत्तीसारखा नुसता नशिबाचा नाही. आपल्याच राज्यात विधान परिषदेत मंत्र्याच्या मोबाइलवर रमी दिसली तर काय झालं? ते म्हणले जाहिरात बंद करत होतो. कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. क्रीडा! म्हणजे सरकारनंच मान्य केलं की हा खेळ आहे.

काळी_आई
हे मात्र खरं बोललास. शेतकऱ्याचं खातं सांभाळायचं सोडून... जाऊ द्या. 2025 ला सोयाबीनचा हमीभाव 5328 होता, मोंढ्यात त्याच्या जवळ पण भाव मिळाला नाही. त्यावर कुणी धागा काढंना.

गुलमंडी_सीए
1968 चा निकाल रमीबद्दल आहे, पोकरबद्दल नाही. पोकरवर हायकोर्टांचं एकमत नाही. गुजरात हायकोर्टानं 2017 ला जुगार म्हणलं, मद्रासनं 2023 ला कौशल्य म्हणलं. नव्या कायद्यानं तो फरकच पुसून टाकला, म्हणून याचिका सुप्रीम कोर्टात गेल्यात. अर्धवट वाचून निकाल फेकू नका.

बनी_तो_बनी
सीए आहात की वकील? तुमची पोरं रिटर्न भरायला यायची तेव्हा फी घेतलीच ना? जुगाराच्या पैशातून? तेव्हा पोट दुखलं नाही.

गुलमंडी_सीए
फी घेतली, पावती दिली, त्यावर टॅक्सही भरला. तुम्ही काय भरलं ते इथं लिहू का?

परभणीचाच
ॲडमिन झोपलेत का?

आबा_केज
बाळांनो, भांडू नका. मी तुमचं ते ॲप कधी उघडलं नाही. आमचं तिर्रट आन् झन्नामन्ना. माळेगावच्या यात्रेला जायचो, घोडे बघायला म्हणून. आता सगळं सोडलं, गळ्यात माळ आहे.

पण एक सांगतो. पलीकडच्याला भ्या दाखवायचं तर त्याला भ्या वाटाया पाहिजे. ज्याच्या खिशात कालच कापसाचे पैसे आलेत त्याच्यापुढं किती बी लावा, तो पत्ते टाकत नसतो. त्याला बघायचंच असतं तुमच्याकडं काय आहे ते. आमच्यात एक होता, चांगला खेळायचा, पत्ते लक्षात ठेवायचा. तो नेहमी अशाच माणसापुढं हरायचा आन् म्हणायचा, 'याला खेळता येत नाही.' खेळता येत नव्हतं तर पैसे त्याच्याकडं कसे गेले?

मांजराकाठ
आबा, तुम्ही दोन ओळीत जे सांगितलं ते या दादाला पटवायला मी दोन दिवस झाले डोकं फोडायलोय. ऑल-इनची अर्धी ताकद समोरचा फोल्ड करील यात असते. फुकटच्या चिप्सवर कुणीच फोल्ड करत नाही, तुझा 'दरारा' तिथं शून्य. आणि पैशाच्या छोट्या टेबलला तरी काय वेगळं होतं? पन्नास-शंभरच्या टेबलला लोक सत्ती-दुरीवर कॉल करायचे.

बनी_तो_बनी
मग तर माझंच खरं झालं! समोरचा सत्ती-दुरीवर कॉल करतो तर मी चांगले पत्ते घेऊन सुरुवातीलाच पैसे का घेऊ नये?

मांजराकाठ
चांगले पत्ते घेऊन घे ना. तू 'पहिल्या दोन लेव्हलमधे डबल नाही तर उठा' लिहिलं होतंस. त्यात 'चांगले पत्ते आले तर' कुठं होतं?

बनी_तो_बनी
ते गृहीत असतंय. लहान लेकरांना सांगायला बसलो नव्हतो.

होस्टेल_लातूर
एक शंका आहे, कुणी रागावू नका. नीटचा अभ्यास सोडून हे वाचतोय हे माझ्या घरी सांगू नका. रात्री फुकटच्या टेबलवर असं झालं: चौघं उरलो, तिघांना बक्षीस. एकाकडं 6000, एकाकडं 3700, माझ्याकडं 3300, माझ्या डाव्या हाताला बसलेल्याकडं फक्त 500. ब्लाइंड 200-400, बिग ब्लाइंड माझा. बाकी दोघांनी पत्ते टाकले आणि 6000 वाल्यानं स्मॉल ब्लाइंडवरून ऑल-इन मारला. तो दर वेळी मारतो, पत्ते न बघताच मारतो असं वाटतंय. माझ्याकडं एक्का-राजा. मी कॉल केलं.

बनी_तो_बनी
बरोबर केलंस. एक्का-राजा टाकणाऱ्यानं पत्ते हातात धरू नयेत.

मांजराकाठ
थांब. हेच टेबल 900 रुपयांचं धरून मांडलं. फोल्ड केलं तर तुझ्याकडं 2900 उरतात आणि त्यांची किंमत येते साधारण 244 रुपये. कॉल करून जिंकलास तर 337. हरलास तर चौथा, हातात भोपळा. म्हणजे कॉल करायला 72 टक्के पाहिजेत. समोरचा डोळे मिटून कुठलेही दोन पत्ते मारतो असं धरलं तरी एक्का-राजाचे 65 होतात. फोल्ड! दस्स्यांच्या जोडीपासून पुढं कॉल.

कारण तुझ्या डावीकडचा तो 500 वाला. पुढच्या डावाला 400 चा ब्लाइंड त्याच्या बोकांडी आहे. तो उडायच्या बेतात असताना तू आधी मरायला कामून निघालास?

बनी_तो_बनी
एक्का-राजा फोल्ड. लिहून ठेवा, मांजराकाठी एक्का-राजा फोल्ड करतात.

मांजराकाठ
आकडा खोटा असल्यास दाखव.

बनी_तो_बनी
आकडा खोटा नाही म्हणत. म्हणायलो की असं खेळून आयुष्यभर तिसराच येशील.

होस्टेल_लातूर
मी हरलो. त्याच्याकडं नव्वी-चौकी होती, नव्वीची जोडी लागली. 500 वाला तिसरा आला आणि मला हसण्याची इमोजी पाठवली.

आबा_केज
पोरा, झोप. सकाळी क्लास असंल.

काळी_आई
बारावीचं लेकरू रात्री जागून हे करायलंय आणि तुम्ही त्याला टक्के शिकवायलेत. त्याच्या बापानं लातूरला खोली घेऊन द्यायला काय विकलं असंल ते विचारा आधी.

होस्टेल_लातूर
वडील मास्तर आहेत. काही विकलं नाही.

गुलमंडी_सीए
काळी आई, फुकटच्या चिप्सवर खेळणं कायद्यात बसतं. उगीच पोराला भरडू नका.

काळी_आई
कायद्यात बसतं म्हणून बरोबर होतं का? कायद्यात तर व्यापाऱ्यानं हमीभावाच्या खाली घेणं पण बसवून घेतलंय.

बनी_तो_बनी
बरं, ऐका. पहिल्या दोन लेव्हलला थोडं जपून खेळायला माझी हरकत नाही. 'थोडं'. हे मी गुरुजींच्या आकड्यामुळं म्हणत नाही, आबांमुळं म्हणतो. पण बबलला मोठा स्टॅक (चिप्सचा ढीग) माझ्याकडं असला तर मी मारणारच. त्या पोरासमोर 6000 वाल्यानं जे केलं ते बरोबरच केलं ना? यावर गुरुजी गप आहेत.

मांजराकाठ
त्यानं बरोबर केलं. ज्याला फोल्ड करायला 72 टक्क्यांचं कारण आहे त्याच्यावर मारलं. तुझ्या पोस्टमधे हे असतं तर मी लिहायला बसलोच नसतो. पण तो 6000 पर्यंत पहिल्या डावाला उड्या मारून आला की बसून आला, हे ना तुला माहिती ना मला.

बनी_तो_बनी
उड्या मारूनच आला असणार. रविवारी रात्री फुकटच्या टेबलला ये. नऊ जण आपलेच बसवू. दाखवतो.

मांजराकाठ
फुकटच्या चिप्सवर काय सिद्ध होणार? हरलास तर म्हणशील मनावर घेतलं नव्हतं.

बनी_तो_बनी
मग काय ज्वारीच्या पोत्यावर खेळायचं?

गुलमंडी_सीए
पैशाऐवजी जिन्नस लावला तरी जुगारच. कृपया इथं जाहीर लिहू नका.

काळी_आई
पोतं कुणाचं लावणार? पेरली आहे का एकानं तरी?