मदत हवी आहे: धरणातल्या पाड्याच्या प्रकल्प अहवालात आकडे धरायचे कसे?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची. बचतगटांच्या एका संघाचे हिशेब बघते. इगतपुरी तालुक्यात वैतरणेच्या बॅकवॉटरला चाळीसेक घरांचा एक पाडा आहे (नाव मुद्दाम लिहीत नाही). धरण भरलं की थंडी सरेपर्यंत पाड्याचं बेट होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की लोक गाळातून चालत येतात नि त्याच गाळपेर जमिनीवर काहीबाही पेरतात. आता त्यांना एक लाँच, चार खोल्यांचा होमस्टे आणि मासे ठेवायला शीतपेट्या असा एकत्र प्रकल्प करायचाय. निधी देणाऱ्यांनी व्यवहार्यता अहवाल मागितला, एका सल्लागाराने तो करून दिला आणि तपासायला माझ्याकडे आला.

अहवाल दिसायला झकास. तिसऱ्या वर्षी नफा. पण लाँच वर्षाला तीनशे दिवस चालणार असं धरलंय. कशी चालेल? जुलै-ऑगस्टात वारा असा असतो की जुने होडीवालेसुद्धा काठ सोडत नाहीत, आणि इगतपुरीत पर्यटकांची झुंबड नेमकी तेव्हाच. मे महिन्यात सुट्टीची गिऱ्हाइकं येतील, तर धक्क्यापाशी नुसता चिखल. गिऱ्हाईक, पाणी आणि वारा तिन्ही जमतील असे महिने ऑक्टोबर ते फेब्रुवारी, फार तर. शिवाय हे पाणी मुंबईला जातं, कधी किती उतरेल ते पाड्याच्या हातात नाही.

बाहेरच्या बेटांनी काय केलं ते जरा वाचलं. स्कॉटलंडमधल्या एग बेटावरच्या लोकांनी 1997 मध्ये बेटच विकत घेतलं आणि 2008 पासून पाणी, वारा आणि ऊन यांवर स्वतःची वीज चालवतात. मला त्यातली मर्यादा आवडली: एका घराने एका वेळी 5 किलोवॉटच्या वर जायचं नाही, धंद्याला 10. म्हणजे आधी किती पुरेल ते ठरवलं, मग मागणी त्यात बसवली. आमच्या अहवालात उलटं आहे, आधी नफा ठरवून मग त्याला पुरतील इतके पाहुणे आणलेत!

तर विचारायचंय असं: लाँचचे दिवस कशावरून धरायचे? तिन्ही कामांचा ताळेबंद एकच ठेवावा की वेगवेगळा? आणि सात-आठ वर्षांनी इंजिन बदलायचं झालं तर ते पैसे कुठे दाखवायचे? अनुदान यंत्र घेऊन देतं, पुढचं कोण बघणार?

— गोदाकाठची


नाशिकरोडचा हिशेबनीस:
ताई, ताळेबंद वेगळेच ठेवा, त्यात दुमत नको. एकत्र केलात तर लाँचचा तोटा होमस्टेच्या नफ्यात लपतो, आणि ज्या वर्षी पाहुणे येत नाहीत त्या वर्षी आजाऱ्याला काठावर आणायलाही डिझेल उरत नाही. पाड्याची ये-जा ही सेवा, पर्यटकांची फेरी हा धंदा. सेवेचा किमान खर्च पाहुणा शून्य धरून काढा. तो घरटी वर्गणी आणि ग्रामपंचायतीकडून निघतो का ते पाहा. निघत नसेल तर लाँच छोटी घ्या.

दुसरं, 2027 च्या सिंहस्थाचे पाहुणे अहवालात पायाभूत वर्ष म्हणून घुसलेत का ते आधी तपासा. कुंभ बारा वर्षांनी येतो, कर्ज काढलंत तर हप्ता दर महिन्याला.

इंजिनासाठी घसारा (यंत्राच्या झिजेपोटी दरवर्षी धरायची रक्कम) नुसता कागदावर नको, तेवढी रक्कम दरवर्षी वेगळ्या खात्यात ठेवायची. स्कॉटलंडच्याच गिघा बेटाने तीन जुन्या पवनचक्क्या घेतल्या, तेव्हा त्या बदलण्याचा निधी योजनेतच धरला होता.


उरणचा खलाशी:
दिवसांसाठी सल्लागाराला विचारू नका, जलसंपदा खात्याकडे पाणीपातळीच्या नोंदी असतात, दहा वर्षांच्या मागा. धक्का कोरडा पडतो ती पातळी काठीने मोजून ठेवा, मग कुठल्या वर्षी किती आठवडे बोट लागली असती ते आपोआप निघतं. त्यातलं सगळ्यात वाईट वर्ष धरा, सरासरी नको. यांत्रिक बोटीला 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी, तपासणी, विमा लागतो. हा खर्च अहवालात आहे का?

आमच्याकडे घारापुरी बेटाला मुंबईच्या दारात असून समुद्राखालच्या केबलने वीज यायला 2018 उजाडलं. तोवर संध्याकाळचे थोडे तास जनरेटर. शीतपेट्या वीज बघून ठरवा. बर्फ घोटीहून आणणं स्वस्त पडेल कदाचित.


गोदाकाठची:
दादा, विमा आहे, नोंदणी-तपासणी नाही. आणि हो, कुंभ घुसलाय! पहिल्याच वर्षात.

पातळीच्या नोंदींसाठी अर्ज करते. शीतपेट्या तूर्त बाजूला. ग्रामसभेपुढे आता दोन आकडे ठेवीन: पाहुणा शून्य असताना घरटी किती पडतील, आणि छोट्या लाँचने ते किती उतरतील. दहा-बारा माणसांची फायबरची वापरलेली बोट घ्यायची तर तपासताना काय काय बघायचं, हे कुणी खलाशी मंडळींनी सांगावं.